इंजिन तापल्यानंतर : पाणी ओतले म्हणजे काम संपले नाही

एप्रिल-मे महिन्यांत सुटीच्या दिवशी बोर घाट, कसारा घाट किंवा खंबाटकी घाटातून प्रवास करणाऱ्यांना एक दृश्य परिचयाचे असते. चढावर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी केलेली मोटार, आतून उठणारी वाफ आणि हातात पाण्याची बाटली घेऊन गाडी थंड होण्याची वाट पाहणारे कुटुंब. अर्ध्या-पाऊण तासाने पाणी ओतले जाते, गाडी सुरू होते आणि सारे सुटकेचा नि:श्वास टाकून पुढे निघतात. यातल्या काही गाड्या पुढेही वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात. काही मात्र आठ-पंधरा दिवसांत गॅरेजमध्ये दाखल होतात आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकाला घाम फुटतो. हा फरक नशिबाचा नसतो. काटा लाल पट्ट्यात गेल्यानंतर गाडी किती वेळ चालवली आणि थंड झाल्यावर तिची नीट तपासणी झाली की नाही, या दोन गोष्टींवर इंजिनाचे भवितव्य ठरते.

'पाणी टाका आणि चला' ही सवय जुन्या काळातली आहे. ॲम्बेसेडरसारख्या गाड्यांच्या इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड, दोन्ही ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असत. जड, धिमे पण सोशिक असे ते इंजिन तापले तरी बहुधा निभावून नेत असे. घाटात जाताना डिकीत पाण्याचा डबा ठेवणे हा त्या वेळच्या प्रवासाचा भागच होता. आजच्या मोटारींत हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि अनेक गाड्यांत ब्लॉकही त्याच धातूचा असतो. त्यामुळे इंजिन हलके झाले, इंधन वाचू लागले. पण अतिउष्णता सोसण्याची त्याची ताकद कमी झाली.

उष्णता जाते कुठे?

सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंधनातील ऊर्जेचा काही भागच चाकांपर्यंत पोहोचतो. मोठा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो आणि साधारण तेवढाच शीतकरण यंत्रणेला वाहून न्यावा लागतो. हेड आणि ब्लॉकमधील पोकळ्यांतून फिरणारा कूलंट ही उष्णता घेतो आणि रेडिएटरमध्ये आणून हवेत सोडतो. सर्वसाधारणपणे कूलंटचे तापमान ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान राखले जाते. ८२ ते ९० अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडू लागतो आणि रेडिएटरकडे जाणारा मार्ग मोकळा होतो.

कूलंट १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही, त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे त्यात मिसळलेले ग्लायकोल. दुसरे म्हणजे रेडिएटरचे झाकण. हे झाकण यंत्रणेत वातावरणाच्या वर सुमारे एक बार इतका दाब टिकवून धरते. एवढ्या दाबाखाली साधे पाणीही सुमारे १२० अंशांना उकळते. निम्मे ग्लायकोल असलेले मिश्रण त्याहीपेक्षा वर. झाकणाचे रबर सैल झाले, तर हे संरक्षण संपते. मग सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात, जिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तिथे कूलंट लवकर उसळला तर नवल नाही. म्हणजेच काही रुपयांच्या झाकणातील दोषामुळे संपूर्ण इंजिन धोक्यात येऊ शकते.

नेमके नुकसान काय होते?

ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटिमीटर लांबीच्या ॲल्युमिनियम हेडचे तापमान १०० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीचा बिडाचा ब्लॉक ०.४५ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. नेहमीच्या तापमानाला हा फरक गृहीत धरूनच इंजिनाची रचना केलेली असते. पण तापमान मर्यादेबाहेर गेले की बोल्टांनी घट्ट आवळलेल्या हेडला पसरायला जागा उरत नाही आणि ते वाकते. थंड झाल्यावर हा बाक पूर्णपणे जात नाही. अनेक इंजिनांत हेडच्या पृष्ठभागाला जेमतेम ०.०५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकाच बाक चालतो. त्यापुढे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट दाब धरत नाही. गॅरेजच्या भाषेत 'गॅस्केट उडते'.

गॅस्केट निकामी झाले की ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये, कूलंट सिलिंडरमध्ये किंवा कूलंट वंगणतेलात शिरतो. तेलात पाणी मिसळले की त्याचे वंगण संपते आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग घासू लागतात. इंजिन आणखी तापले, तर झडपांच्या बैठकांच्या मधोमध हेडला तडे जातात किंवा धातू नरम पडतो. अगदी शेवटच्या टप्प्यात पिस्टन आणि सिलिंडर यांमधली, मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी फट नाहीशी होते. पिस्टन सिलिंडरला घासून ओरखडे पाडतो आणि इंजिन जॅम होते. पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंतचा हा प्रवास काही मिनिटांत होऊ शकतो. 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ' हा विचार महागात पडतो तो त्यामुळेच.

काटा फसवतो तेव्हा

अनेक गाड्यांतील तापमानाचा काटा नेमके तापमान दाखवत नाही. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरच स्थिर राहील, अशी त्याची योजना केलेली असते. त्यामुळे तो मध्याच्या वर सरकू लागला की परिस्थिती बरीच पुढे गेलेली असते. कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल, असे दिवेच असतात. तिथे लाल दिवा हाच पहिला आणि शेवटचा इशारा.

आणखी एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर काम करतो. पाइप फुटून सारा कूलंट वाहून गेला, तर सेन्सरभोवती फक्त हवा किंवा वाफ उरते आणि काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटते, इंजिन थंड होत आहे. प्रत्यक्षात ते कोरडे भाजत असते. वर चढलेला काटा एकाएकी खाली आला, केबिनमध्ये गोडसर वास येऊ लागला किंवा गाडीची ओढ अचानक कमी झाली, तर काट्यावर विश्वास न ठेवता गाडी थांबवावी.

पहिली दहा मिनिटे

काटा नुकताच चढू लागला असेल, तर सर्वप्रथम एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरम व पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. प्रवाशांना त्रास होतो, पण इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते. तरीही काटा खाली येत नसेल, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी गाडी कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि इंजिन बंद करावे. द्रुतगती मार्गावर असल्यास प्रवाशांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे, रहदारीपासून दूर उभे राहावे.

यानंतर कितीही घाई असली, तरी गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकण सैल होताच आतला दाब नाहीसा होतो आणि १०० अंशांहून अधिक तापलेला कूलंट क्षणात उकळून कारंज्यासारखा उसळतो. चेहरा, डोळे आणि हात गंभीररीत्या भाजतात. वरचा रबरी पाइप हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. त्यासाठी अर्धा तास तर लागतोच, उन्हाळ्यात अधिकही. इंजिन बंद असतानाही विजेवरचा पंखा एकाएकी सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्या पात्यांपासून हात दूर ठेवावेत. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतणे किंवा आत एकदम गार पाणी भरणे, हेही टाळावे. अचानक आकुंचनाने धातूला तडा जातो. न तापलेल्या अवस्थेत, थोडे थोडे करून साधे पिण्याचे पाणी भरणे अडचणीच्या वेळी चालते. मात्र नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावा.

पुन्हा सुरू करण्यापूर्वी

गाडी थंड झाली म्हणजे ती चालवण्याजोगी झाली, असे नव्हे. आधी खाली गळती आहे का पाहावे. तेलाची पट्टी बाहेर काढून तेल तपासावे. ते दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसत असेल, तर स्टार्टर मारूच नये. तेल स्वच्छ असेल, पण किल्ली फिरवताच स्टार्टर अडकल्यासारखा वाटला, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल, तर ते दाबले जात नाही. त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅस्केटच्या दुरुस्तीचे रूपांतर पूर्ण इंजिनाच्या कामात होते.

कारण उघड आणि जागीच दूर होण्याजोगे असेल, उदाहरणार्थ पंख्याचा फ्यूज गेला असेल, आणि काटा लाल पट्ट्यात गेलाच नसेल, तर सावकाश, काट्यावर नजर ठेवून जवळचे गॅरेज गाठता येईल. एरवी गाडी ओढून नेणे हेच शहाणपणाचे. टोइंगचा खर्च इंजिनाच्या कामाच्या तुलनेत किरकोळ असतो. ऑटोमॅटिक गाडी असल्यास ती चाकांवर न ओढता सपाट ट्रकवर चढवून न्यावी.

निदान अंदाजाने नको

गॅरेजमध्ये दोन टोके आढळतात. एक, 'काही झाले नाही, पाणी कमी होते' म्हणून गाडी परत देणारे. दुसरे, बॉनेट उघडताच 'इंजिन खाली उतरवावे लागेल' असे सांगणारे. दोन्ही निष्कर्ष तपासणीनंतरच काढता येतात आणि या तपासण्या फार अवघड नाहीत.

थंड इंजिनाच्या शीतकरण यंत्रणेत हातपंपाने दाब भरला, की गळती कुठे आहे ते कळते. दाब उतरतो, पण बाहेर थेंबही दिसत नाही, याचा अर्थ गळती आत आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या रसायनाची नळी धरून केलेल्या चाचणीत रंग पिवळा झाला, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत आहेत हे सिद्ध होते. कॉम्प्रेशन चाचणीत शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी भरला, तर त्या दोहोंमधले गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी.

मालकालाही काही खुणा ओळखता येतात. इंजिन गरम झाल्यानंतरही सायलेन्सरमधून येत राहणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंटच्या बाटलीत सतत येणारे बुडबुडे, थंड इंजिन सुरू करताच दगडासारखा टणक होणारा पाइप आणि बाहेर गळती नसताना दर आठवड्याला कमी होणारा कूलंट, या खुणा गॅस्केटकडे बोट दाखवतात. मात्र प्रत्येक वेळी दोष गॅस्केटचाच असतो असे नाही. अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा कूलर असतो. तो आतून फुटला तरी कूलंट कमी होतो आणि पांढरा धूर येतो. सीएनजी गाडीत गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरला ऊब देण्यासाठी कूलंटचे पाइप जोडलेले असतात. गळतीची ती आणखी एक जागा. तेलाच्या झाकणाखाली दिसणारा थोडासा पांढरट थरही, गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर, केवळ दमटपणामुळे असू शकतो. हेड उघडण्यापूर्वी या शक्यता निकालात काढल्या गेल्या का, हे विचारण्याचा मालकाला अधिकार आहे.

दुरुस्तीच्या पायऱ्या

नुकसान बाहेरच्या भागापुरते असेल, म्हणजे पाइप, थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप किंवा रेडिएटर, तर तो भाग बदलून, कूलंट भरून आणि यंत्रणेतली हवा काढून काम संपते. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर दुरुस्तीनंतरही गाडी पुन्हा तापते.

गॅस्केट गेले असेल, तर हेड उतरवावे लागते. गॅस्केटची स्वत:ची किंमत तुलनेने थोडी असते. मोठा खर्च मजुरीचा असतो. या कामात सर्वाधिक चूक होते ती हेड न मोजता नवे गॅस्केट बसवण्याची. सरळ पट्टी आणि फीलर गेज यांनी हेडचा बाक मोजला गेलाच पाहिजे. ब्लॉकचा पृष्ठभागही तपासला पाहिजे. बाक मर्यादेबाहेर असेल, तर हेड मशीन शॉपमध्ये पाठवून त्याचे फेसिंग करतात. त्यापूर्वी तडे आहेत का, याची दाबाखाली चाचणी आवश्यक असते. फेसिंगलाही मर्यादा आहे. फार धातू काढला, तर कॉम्प्रेशन वाढते. झडपा आणि पिस्टन यांतले अंतर कमी होते. डिझेल इंजिनात तर पिस्टन किती वर येतो हे मोजून त्याप्रमाणे जाडीचे गॅस्केट निवडावे लागते. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळायचे असतात. या कामानंतर तेल आणि ऑइल फिल्टर बदलणे अनिवार्य आहे.

हेडला तडा गेला असेल किंवा धातू नरम पडला असेल, तर फेसिंगचा उपयोग नसतो. हेड बदलणेच योग्य. पिस्टन व सिलिंडरवर ओरखडे असतील, तर रीबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, 'हाफ इंजिन' घेणे किंवा वापरलेले संपूर्ण इंजिन बसवणे, असे पर्याय उरतात. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीनंतर गाडीला येणारी किंमत यांचा ताळा करूनच निर्णय घ्यावा. इंजिन बदलल्यास नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर यावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते. विमा कंपनीलाही ते कळवावे. वापरलेले इंजिन घेताना त्याच्या मूळ गाडीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

कोणतेही मोठे काम देण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक, हेडच्या बाकाचे मिलिमीटरमधील माप आणि मशीन शॉपची पावती मागावी. बदललेले जुने भाग पाहायला मागावेत. ही मागणी अविश्वासाची नव्हे, व्यवहाराची आहे.

तीन तात्पुरत्या युक्त्या

गाडी वारंवार तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे इंजिन नेहमीच्या तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून जातो आणि गाडी आणखी तापते. दुसरी युक्ती पंखा 'डायरेक्ट' करण्याची. त्याने मूळ दोष झाकला जातो. पंख्याच्या मोटारीवरचा आणि वायरिंगवरचा भार मात्र वाढतो. तिसरी, गळती बुजवणारे रसायन रेडिएटरमध्ये ओतण्याची. आडरानात गाव गाठण्यापुरते ते ठीक. पण तेच रसायन हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते.

विमा काय म्हणतो?

मोटार विम्याच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत यांत्रिक बिघाड, झीज आणि परिणामी होणारे नुकसान वगळलेले असते. त्यामुळे केवळ तापून बिघडलेल्या इंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही. अपघातात रेडिएटर फुटला, तर रेडिएटरचा खर्च मिळू शकतो. पण तशीच गाडी पुढे चालवून इंजिन जॅम झाले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी येते. अपघात किंवा बिघाडानंतर आवश्यक दुरुस्ती न करता वाहन चालवल्यास वाढणारे नुकसान विमाधारकाच्या जबाबदारीवर राहील, अशी अट पॉलिसीत असते. जादा हप्त्यावर मिळणारे इंजिन संरक्षण कवच प्रामुख्याने पाणी शिरल्याने किंवा वंगणतेल गळाल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी असते. त्यात काय बसते आणि काय नाही, हे पॉलिसी घेतानाच वाचून घ्यावे.

वेळ येऊच नये म्हणून

आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहण्यास एक मिनिट पुरते. कूलंट कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचाच आणि सांगितलेल्या मुदतीत बदललेला असावा. केवळ रंग सारखा म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत. बोअरवेलचे जड पाणी वापरल्यास आत क्षार साचतात आणि रेडिएटर हळूहळू बंद होतो. मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असते. पार्किंगमध्ये सांडलेला कूलंट मुले आणि प्राणी यांच्यापासून दूर ठेवून लगेच धुऊन काढावा. सोसायटीच्या आवारात उंदरांनी पंख्याची वायर कुरतडल्यानेही गाड्या तापतात, म्हणून एसी लावल्यावर पंखा फिरतो की नाही हे अधूनमधून पाहावे. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेऊ नये. ट्रकच्या पाठीला चिकटून राहू नये आणि चढ लांबलचक असेल तर एसी बंद ठेवावा.

इतके करूनही काटा चढलाच, तर लक्षात ठेवायची गोष्ट एकच. थांबल्याने अर्धा दिवस जातो; न थांबल्याने इंजिन जाते.